साहेब बंदोबस्तात आहेत

माणूस आत जेवत असतो. वाटी सरकवल्याचा आवाज बाहेर येतो, ठसका लागतो तोही ऐकू येतो. आणि बायको दारात उभी राहून शांतपणे सांगते, "ते गावाला गेलेत." मी म्हणायचो, "बरं, मग त्यांना पाणी द्या, ठसका लागलाय." नोकरीची सगळी वर्षं मी अशा दारांपुढं उभा राहून काढली. मी दिवाणी कोर्टाचा बेलिफ होतो.

बेलिफ म्हणजे काय, हे आमच्या सोयऱ्यांनाही अजून धड माहीत नाही. कुणाला वाटतं शिपाई, कुणाला वाटतं वसुलीवाला. एका मेहुण्यानं तर लग्नात माझी ओळख "हे जज्जसाहेबांच्या हाताखाली असतात" अशी करून दिली आणि अख्खा मांडव माझ्याशी अदबीनं बोलायला लागला. तर सांगतो. कुणी कुणावर दावा लावला की ज्याच्यावर लावला त्याला कोर्टाचं समन्स जातं. ते समन्स त्या माणसाच्या हातात देऊन त्याची सही आणायची, हे बेलिफाचं काम. ती सही येईपर्यंत दावा जागचा हलत नाही. वकील कितीही नावाजलेला असू द्या, न्यायाधीश कितीही हुशार असू द्या, माझ्या मोटरसायकलचं पंक्चर निघेपर्यंत सगळे थांबलेले. याचा मला जरा गर्वच होता.

या अंकाचे संपादक म्हणाले, निवांत बसून लिहा. बसणं हेच मला जमत नाही. चार ओळी झाल्या की उठतो, अंगणात जातो, फाटक उघडं आहे का बघतो, परत येतो. बायको म्हणते, आता कुणाच्या दारात जायचंय तुम्हाला? तिला काय सांगू.

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार भेटली. आखाडा बाळापूरच्या बाजारात बियाण्याच्या दुकानात एक जण मला म्हणाला, मी तो नव्हेच, मी त्याचा धाकटा भाऊ. वर स्वतःलाच शिव्या घालायला लागला, "तो दादा म्हणजे एक नंबरचा हलकट आहे, सापडला तर मलाही सांगा." मी चहा मागवून बसून राहिलो. थोड्या वेळानं त्याच्या पोरीनं येऊन "बाबा, आई बोलावून राहिली" म्हणून हाक मारली, तेव्हा गडी मुकाट्यानं सही करायला पुढं आला. एका म्हातारीनं मला आधी पिठलं-भाकरी खायला घातली आणि मग म्हणाली, आता आमचं मीठ खाल्लं, आता कसा कागद देशील? दिला. पण तिच्या हातावर कागद ठेवताना माझी मान वर होत नव्हती.

माणूस सापडतच नसेल तर एक शेवटचा उपाय असतो. त्याच्या दारावर समन्स डकवायचं, म्हणजे चिकटवायचं, आणि दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. पंच म्हणजे शेजारीपाजारी, कुणीही चालतो. आमच्या धंद्यात हे डकवणं म्हणजे हार मानण्यासारखंच. मी शक्यतो माणूस गाठायचोच.

आता मुद्द्यावर येतो. माझ्या नोकरीत सगळ्यात अवघड गिऱ्हाईक निघालं ते खाकीतलं.

जिल्ह्यातल्या एका ठाण्याचे फौजदार. ठाणं कोणतं ते लिहीत नाही, साहेबांचं नावही लिहीत नाही. वादी होते थावरा नायक. साठी ओलांडलेले, उंच, काठीसारखे सरळ, डोक्याला पांढरा फेटा. एका तांड्याचे नायक. तांड्याचा नायक म्हणजे नुसता वयानं मोठा माणूस नव्हे. बांधावरून भांडण झालं, सोयरीक मोडली, कुणाची शेळी कुणाच्या हरभऱ्यात शिरली, की तांडा नसाबीला बसतो. नसाब म्हणजे त्यांची न्यायाची बैठक. तिथं सगळे बोलतात, वाद घालतात, आणि शेवटी नायक सांगेल ते ऐकतात. थावरा नायकांच्या वडलांपासून त्या तांड्यातलं एकही भांडण ठाण्यात गेलेलं नव्हतं, असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे.

झालं ते असं. होळीला तांडा जमला होता. वर्षभरात जन्मलेल्या लेकरांना आशीर्वाद द्यायचा त्यांचा विधी असतो, धुंड म्हणतात, तो चालला होता. बाया लेंगी म्हणत होत्या, लेंगी म्हणजे त्यांची होळीची गाणी. दारू गाळतात अशी कुणीतरी खबर दिली म्हणून फौजदारसाहेबांची जीप थेट मांडवात आली. नायक पुढं झाले आणि म्हणाले, आधी पाणी घ्या, मग काय बघायचं ते बघा. साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांच्या थोबाडीत दिली. फेटा खाली पडला. दारू सापडली नाही. जीप निघून गेली.

त्या दिवसापासून थावरा नायक नसाबीला बसले नाहीत.

हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, कोर्टाच्या व्हरांड्यात. दावा लागून बरेच दिवस झाले होते आणि प्रत्येक तारखेला समन्स बजावणी न होता परत येत होतं. नायक दर तारखेला तांड्यावरून यायचे, दिवसभर भिंतीला टेकून उभे राहायचे, बाकड्यावर बसायचे नाहीत. शेवटी एक दिवस मलाच येऊन भिडले. म्हणाले, "तुमीच का ते बेलिफ? मग काहून सापडत न्हाई तो मानूस? सगळ्या जिल्ह्याला दिसतो, तुमालाच दिसत न्हाई?"

मला राग आला. मी म्हणालो, नायक, थोबाडीत तुम्हाला बसली हे मान्य, पण माझ्यावर कशाला डाफरता? एवढं काय धरून बसलात, झालं ते झालं. तसे ते म्हणाले, "ज्याच्यावर हात उचलला अन् काईच झालं न्हाई, त्याचा निवाडा कोन मानल? मी कोन्या तोंडानं सांगू, तुझं चुकलं म्हनून? माझंच अजून कोनी सांगितलं न्हाई."

आणि भांडणं तर थांबत नव्हती. नायक बसत नाहीत म्हटल्यावर तांड्यातली माणसं आता ठाण्यात जायला लागली होती. त्याच ठाण्यात, त्याच साहेबांपुढं. भाऊ भावावर तक्रार करायला लागला होता. नायकांना सगळ्यात जास्त हेच खात होतं. थोबाडीत बसल्याचं दुखणं त्यांच्या एकट्याचं होतं, पण हे सगळ्या तांड्याचं होतं.

आधी त्यांनी साधा रस्ता धरला होता. वरच्या कार्यालयात अर्ज दिला. पोलिसाविरुद्धच्या अर्जाचा प्रवास कसा होतो, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. अर्ज वर जातो, तिथं त्याच्यावर शिक्का बसतो, मग तो चौकशीसाठी खाली येतो, आणखी खाली येतो, आणि फिरत फिरत पुष्कळदा ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच ठाण्यात येऊन टेकतो. नायकांचाही तिथंच टेकला. एक जमादार तांड्यावर आले, चहा घेतला, नायकांचा जबाब लिहून घेतला. पुढं कळवण्यात आलं की अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे. म्हणजे फाइल बंद. नायक मला म्हणाले, "माझं बराबर ऐकून घेतलं अन् कपाटात ठेवलं."

मग ते वकिलाकडं गेले. वकील चांगला होता, पण तोंडाचा फटकळ. त्यानं सांगितलं, कोर्ट कुणाला माफी मागायला लावत नाही, कोर्ट नुकसानभरपाई देतं. नायक म्हणाले, पैसा नको. जिथं मारलं तिथं येऊन, ज्यांच्यासमोर मारलं त्यांच्यासमोर त्यानं म्हणावं, चुकलं. वकिलानं कपाळावर हात मारून घेतला. म्हणाला, दावा तर लावू, माणूस एकदा कोर्टात आला की मग बोलायला तयार होतो. आणि त्या माणसाला कोर्टात आणायचा पहिला कागद माझ्या पिशवीत होता.

मी ठाण्यात जायचो. आधी टेबलामागचे ठाणे अंमलदार विचारायचे, "काय बेलिफ, आज कुणीकडं?" खेड्यात मला बेलिफसाहेब म्हणतात, ठाण्यात नुसतं बेलिफ. मी काम सांगितलं की त्यांचा चेहरा एकदम सरकारी व्हायचा. साहेब बंदोबस्तात आहेत. गणपतीचा बंदोबस्त, उरुसाचा बंदोबस्त, निवडणुकीचा बंदोबस्त, मंत्र्यांचा दौरा. एकदा काहीच नव्हतं तेव्हा म्हणाले, बंदोबस्ताच्या मीटिंगला गेलेत. मागच्या खोलीतून साहेबांचा फोनवरचा आवाज येत होता. इथं मी "पाणी द्या, ठसका लागलाय" असलं काही म्हणू शकलो नाही. इथं माझीही जीभ जरा आखडती होती.

त्याचं कारण सांगतो. बेलिफाला पोलिसांशिवाय चालत नाही. समन्स देणं सोपं, पण कोर्टाच्या हुकुमानं कुणाला जागेवरून काढायचं, दुकानाचा ताबा घ्यायचा, तेव्हा समोरची माणसं काठ्या घेऊन उभी असतात. तिथं बंदोबस्त लागतो. तो बंदोबस्त देणार कोण, तर हेच फौजदार. म्हणून मी त्या दारात नरम होतो.

डकवायचं म्हटलं तरी पंच मिळेना. ठाण्यासमोर एक हॉटेलवाला होता. पोलिसांच्या प्रत्येक पंचनाम्यावर त्याची सही असायची. चोरी कुठंही होवो, हा पंच. मी त्याला म्हटलं, ये, ठाण्याच्या भिंतीला समन्स चिकटवतो, सही कर. तो हातातली गाळणी तशीच धरून मला म्हणाला, "काका, मला दुकान चालवायचंय." शेजारचा सायकलवाला शटर ओढून घेऊन आत बसला. एवढ्या मोठ्या बाजारात मला दोन पंच मिळाले नाहीत.

आमच्या ऑफिसात नाझर मॅडम होत्या. नाझर म्हणजे बेलिफांचा वरचा अधिकारी, कोणतं समन्स कुणी न्यायचं ते तोच ठरवतो. मॅडम माझा परत आलेला कागद बघून म्हणाल्या, तुमच्याकडून होत नसेल तर दुसऱ्याकडं देते. त्या सरळ मनानं म्हणाल्या असतील. पण माझं डोकं फिरलं. घरी आलो, जेवण गेलं नाही. अंगणात येरझारा घातल्या. आयुष्यभर विहिरीत उतरलेले, माळ्यावर चढलेले, भावाचं सोंग घेतलेले सगळे गाठले आणि हा एक गणवेशातला माणूस, बारा गावांना दिसणारा, मला सापडू नये?

साहेब बंदोबस्तात आहेत ना? मग आपण बंदोबस्तातच जाऊ.

महाशिवरात्रीला औंढ्याला नागनाथाच्या जत्रेला निघालो, साहेबांचा बंदोबस्त तिथंच लागला होता. गर्दी किती असते ते आमच्याकडच्या कुणाला सांगायला नको. मी समन्स शर्टाच्या आत ठेवलं आणि दर्शनाच्या रांगेत उभा राहिलो, कारण बांबूंच्या कठड्याजवळ जिथं साहेब उभे होते तिथं रांगेतूनच जाता येत होतं. ऊन चढलं. मागच्या बाया पुढं ढकलत होत्या, एक जण माझ्या पायावर नारळ आपटतो की काय असं वाटत होतं. रांग सरकत सरकत साहेबांपाशी आली. मी कठड्यावरून कागद पुढं केला आणि म्हणालो, साहेब, दिवाणी कोर्टाचं समन्स आहे, इथं सही करा.

साहेब तरुण होते. चेहरा उन्हानं रापलेला, डोळे जागरणानं लाल. म्हणाले, "इथं? देवाच्या दारात?"

मी म्हणालो, "साहेब, तुम्ही नेहमी बंदोबस्तातच असता. म्हणून इथं आलो."

रांग थांबली होती. मागच्या बाया माना लांब करून बघत होत्या, कुणी विचारत होतं, पोलिसाला कोन्ता कागद देऊन राहिले? साहेबांनी इकडंतिकडं बघितलं आणि कठड्यावरच कागद टेकवून सही केली. पेन परत देताना हळूच म्हणाले, "बेलिफ, ताबा घ्यायला बंदोबस्त मागायला माझ्याकडंच येणार ना?"

मी पुढं जाऊन नागनाथाचं दर्शन घेतलं. हात जोडले, पण डोक्यात दुसरं काही येईना. गाठला, एवढंच म्हणत होतो. त्या दिवशी मी खूश होतो, लपवत नाही.

बंदोबस्ताची वेळ लवकरच आली. वारंगा फाट्यावर एका पत्र्याच्या दुकानाचा ताबा घ्यायचा होता. भाडेकरू आणि त्याचे भाऊ आडदांड, आधीच धमक्या देऊन बसलेले. आम्ही रीतसर पत्र देऊन बंदोबस्त मागितला होता. ठरल्या दिवशी मी पोचलो, मालक आला, कुलूप तोडणारा आला. पोलीस आले नाहीत. फोन लावला तर उत्तर ठरलेलं. मी परत फिरायला पाहिजे होतं. पण दुकानासमोर ट्रकवाले, हॉटेलवाले, सगळे बघत उभे, आणि कोर्टाचा माणूस म्हणून मी मागं कसा सरकू? मी हुकूम वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला खांद्यावर लोखंडी पट्टी बसली.

पुढं त्याच ठाण्यात, तक्रार द्यायला. सरकारी कामात अडथळा, मारहाण, सगळं सरळ होतं. मला बाकड्यावर बसायला सांगितलं. साहेब येतील. दुपार झाली, साहेब येतील. खांदा ठणकत होता, हात वर होत नव्हता. येणारेजाणारे माझ्याकडं बघून जात होते. मी कोर्टाचा नोकर, माझ्या खिशात ओळखपत्र, मला कायदा माहीत, तरी त्या बाकड्यावर मी कुणीच नव्हतो. दिवेलागणीला उठून चालू लागलो. वाटेत गाडी थांबवून रडलो, रागानं. मोठ्या माणसानं असं लिहू नये, पण रडलो.

तक्रार शेवटी घेतली गेली, न्यायाधीशसाहेबांनी वर लिहिल्यावर. पण माझ्या मनातून ते बाकडं गेलं नाही.

खांदा बांधून घरी पडलो होतो तेव्हा थावरा नायक बघायला आले. सोबत शेतातल्या भुईमुगाच्या ओल्या शेंगा. उभेच राहिले. मी म्हणालो, अहो बसा तरी. म्हणाले, माझ्यामुळं तुमाला तकलीफ झाली. मी फटकन म्हणालो, तुमच्यामुळं काही नाही, माझ्या कामामुळं झाली, शेंगा आत द्या. मला त्यांना विचारायचं होतं की होळीपासून रोज हे असंच वाटतं का, उठताबसता, जेवताना? विचारलं नाही. त्यांच्याकडं बघून कळत होतं.

एकदा सही झाल्यावर दावा चालू लागला. साहेबांची दरम्यान दुसऱ्या ठाण्यात बदली झाली, जिल्ह्यातच. त्यांची बढती जवळ आली होती आणि आता पिंजऱ्यात उभं राहून उलटतपासणीला तोंड द्यायची वेळ येणार होती. गणवेशातल्या माणसाला पिंजऱ्याचं फार वावडं असतं. ते इतरांना तिथं उभं करत आलेले असतात. त्यांच्या वकिलानं तडजोडीचं सुचवलं. साहेब तांड्यावर येतील, माफी मागतील, नायकांनी दावा काढून घ्यावा. नायक लगेच हो म्हणाले. वकिलांनी कागद तयार केला, फक्त सह्या बाकी.

आणि साहेब दिवाळी झाल्यावर तांड्यावर गेले.

आता हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण दिवाळी झाली की तांडे रिकामे होतात. सगळी धडधाकट माणसं ऊसतोडीला जातात, लेकरंबाळं घेऊन, थेट पार खालच्या जिल्ह्यांत. घरांना कुलपं. मागं राहतात ती म्हातारी माणसं आणि शेळ्या. साहेब साध्या कपड्यांत, वकिलाच्या गाडीतून गेले. नायक, दोनचार म्हाताऱ्या, खाटेवर एक आजारी माणूस. साहेबांनी हात जोडले आणि म्हणाले, झालं गेलं विसरून जा. नायकांनी त्यांना पाणी दिलं आणि सही करायला नकार दिला.

मी ते कोर्टात ऐकलं. नायकांचा वकील व्हरांड्यात नायकांवरच ओरडत होता, माणूस दारात आला होता, हात जोडले, आणखी काय त्याचं मुंडकं पाहिजे? नायक म्हणाले, "मारलं भरल्या तांड्यात. माफी कुलपांना मागितली." साहेबांनी तो महिना मुद्दाम निवडला की त्यांच्या लक्षात आलं नाही, मला आजही सांगता येणार नाही. ऊसतोडीच्या दिवसांत बंद घरांवर नजर ठेवा, असे निरोप ठाण्याठाण्यांत जातात. तांडा कधी रिकामा असतो हे पोलिसाला माहीत नसतं, असं मी मानत नाही. पण माणूस घाईत असला की माहीत असलेलंही विसरतो, हेही मी पाहिलं आहे.

साहेब तिथंच होते. मला बघून जरा बाजूला आले. म्हणाले, "तुम्हीच सांगा त्यांना. मी शेतकऱ्याचंच पोरगं आहे. ते नायक आहेत हे त्या दिवशी मला कुणी सांगितलं नव्हतं."

मी म्हणालो, "साहेब, नायक नसते तर चाललं असतं का?"

साहेबांनी सरळ नायकांकडं जाऊन विचारलं, कधी येऊ? नायक म्हणाले, होळीला, तवा सगळे येतात. साहेब म्हणाले, होळीला आम्हाला रजा नसते, सगळ्यात मोठा बंदोबस्त तेव्हाच. नोकरीत पहिल्यांदा मला त्यांचा बंदोबस्त खरा वाटला. नायक एवढंच म्हणाले, आमी वाट बघू.

होळीच्या आधी मी निवृत्त झालो. हार, नारळ, भाषण. नायकांचा निरोप आला, आता कोर्टाचे न्हाई तुमी, पाहुणे म्हणून या. गेलो.

तांडा भरला होता. कारखान्यांवरून सगळे परतलेले, उन्हानं काळे पडलेले, नवे कपडे घातलेले. मांडवाखाली धुंडीची लेकरं आयांच्या मांडीवर, डफ वाजत होता, बाया फेर धरून लेंगी म्हणत होत्या. मला खाट टाकून दिली. मला बसवेना. मी रस्त्याकडं बघत होतो. नायक बघत नव्हते, निदान तसं दाखवत होते. कारभारी म्हणजे नायकाच्या खालोखालचा माणूस. तो मला हळूच म्हणाला, आज तो न्हाई आला तर नायकी सोडतो म्हणून राहिले, दुसरा करा म्हणतात. पण दुसरा कोण होणार? कुणी तयारच नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा धूळ दिसली. साहेब आले होते. रजा मिळाली नव्हती, म्हणून गस्तीतून वाट वाकडी करून आले. गणवेशात, जीप घेऊन.

आणि जीप दिसली तसा डफ थांबला. मी असं कधी पाहिलं नव्हतं. कुणी ओरडलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. बाप्यांनी बांधावरून गव्हात उड्या घेतल्या. बायांनी लेकरं उचलली आणि घरात जाऊन आतून कड्या लावल्या. साहेब जीपमधून उतरेपर्यंत मांडवात नायक, कारभारी आणि मी, एवढेच उरलो.

साहेब उभे राहिले. रिकाम्या मांडवाकडं बघितलं, खाली पडलेल्या डफाकडं बघितलं. ड्रायव्हरला विचारलं, कुठं गेले सगळे? ड्रायव्हर म्हणाला, साहेब, जीप बघून. साहेबांचा चेहरा पडला. मला त्यांची दयाही आली आणि त्या दयेचा रागही आला.

वाटलं, नायक आता म्हणतील, ठीक आहे, आलात हेच पुष्कळ. ते मांडवाच्या कडेला गेले, हात तोंडाशी धरले आणि हाक दिली, "आवो!" म्हणजे या. गव्हात काही हललं नाही. त्यांनी परत हाक दिली. मग एकेकाचं नाव घेऊन, अमक्याचा तमका, त्याच्या बापाचं नाव घेऊन. साहेब उन्हात उभे होते. ड्रायव्हर जीप मागं घेऊ का म्हणून विचारायला लागला, त्यांनी त्याला हातानं थांबवलं. आधी एक जण बांधावर आला. मग दोघं. मग कड्या निघाल्या. माणसं आली, पण लांबच उभी राहिली, पळता येईल एवढी जागा ठेवून. नायकांनी हातानं जवळ बोलावलं तेव्हा मांडव भरला.

साहेबांनी टोपी काढून काखेत धरली आणि पुटपुटल्यासारखं काहीतरी म्हणाले. नायक म्हणाले, मला ऐकू आलं, यांना न्हाई आलं. साहेबांनी मान वर केली आणि सगळ्यांकडं बघून म्हणाले, "माझं चुकलं. मी हात उचलायला नको होता."

कारभाऱ्यानं नसाबीची घोंगडी अंथरली. नायक बसायला वाकले, तेवढ्यात अगदी मागून, भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी म्हणाली, "मला न्हाई ऐकू आलं."

कुणी हसलं नाही. नायक तसेच उभे राहिले. साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं, पण नायकांनी त्यांना काहीच सांगितलं नाही. मग साहेब त्या सगळ्या माणसांतून वाट काढत मागं गेले, म्हातारीपुढं गुडघे टेकून वाकले आणि तिच्या कानाशी तेच परत म्हणाले.

म्हातारीनं त्यांच्याकडं नीट बघून घेतलं. म्हणाली, "आलं आता. मारलं तवा इथवर आवाज आला हुता, म्हनून इचारलं."

मग थावरा नायक खाली बसले.